नाव नसलेल्या ट्रॅकचा माग कसा काढावा

शिरूरच्या एखाद्या वरातीत किंवा दौंडच्या विसर्जन मिरवणुकीत वाजलेला ट्रॅक डोक्यात बसतो आणि नंतर तो कुठल्याच ॲपवर सापडत नाही, हा अनुभव दोन्ही तालुक्यांतल्या पोरांना नवा नाही. शझाम काही सांगत नाही. डीजेला विचारावं तर ‘अनरिलीज्ड आहे’ एवढंच उत्तर मिळतं. २०२४ मध्ये क्राटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ गाजलं, नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सपर्यंत पोचलं, आणि मराठी शब्दांवरचं हाउस संगीत आपल्याकडच्या मांडवातही वाजू लागलं. आवडत्या कलाकाराने कार्यक्रमात वाजवलेला पण बाहेर न आणलेला ट्रॅक कोणता, यावर आता कट्ट्याकट्ट्यावर तावातावाने बोललं जातं. बोलणं बहुतेक अंदाजावर चालतं. त्याला पुराव्याचा आधार कसा द्यायचा, तेवढं इथे सांगतो.

सुरुवात मास्टरिंग करणाऱ्याच्या नावापासून करा. गाणं रचलं, वाजवलं, गायलं, सगळे आवाज एकत्र करून त्याचं मिक्सिंग झालं, की शेवटी ते मास्टरिंगला जातं. तिथे एकूण पातळी ठरते, खालचे-वरचे सूर सावरले जातात, अल्बममधल्या दोन गाण्यांमधली शांतता मोजली जाते आणि ॲपसाठी वेगळी, तबकडीसाठी वेगळी प्रत तयार होते. म्हणजे ज्या गाण्याचं मास्टरिंग झालं ते गाणं कलाकाराच्या दृष्टीने जवळपास पुरं झालेलं असतं. मास्टरिंग करणारा माणूस बहुधा कुठल्या एका कंपनीचा नोकर नसतो. तो पन्नास जणांची कामं घेतो आणि पुढची कामं मिळावीत म्हणून केलेल्या कामांची यादी लोकांसमोर ठेवतो. कलाकार गप्प असतो, कंपनी गप्प असते, आणि यादीत मात्र एक अनोळखी नाव दिसतं. चाहत्यांना माग लागतो तो इथेच.

पण यादीत नाव दिसलं म्हणजे नवं गाणं सापडलं, असं समजू नका. इलेक्ट्रॉनिक संगीतात ट्रॅकला आधी एक कामापुरतं नाव असतं आणि बाहेर येताना दुसरंच. फाइलवर तारीख किंवा तालाची गती लिहिलेली असते, तीच यादीत तशी उतरते. एकच ट्रॅक ॲपसाठी आणि तबकडीसाठी दोनदा मास्टर झाला तर तो दोनदा दिसतो. रीमिक्स, रेडिओसाठी छोटी केलेली आवृत्ती, बिनशब्दांची आवृत्ती, अशा तीन ओळी एकाच गाण्याच्या असू शकतात. ‘त्याचे सात ट्रॅक पडून आहेत’ असं जेव्हा कुणी छातीठोक सांगतं तेव्हा त्यातले चार आधीच प्रसिद्ध झालेले निघण्याची शक्यता मोठी. म्हणून पहिलं काम जुळवणीचं: कालावधी, गती, स्वर आणि वर्ष, यांपैकी जे हाती असेल ते प्रसिद्ध गाण्यांशी ताडून बघा.

आता श्रेयाच्या ओळी कुठे वाचायच्या ते पाहू. गाण्याच्या ॲपवर ‘क्रेडिट्स’ नावाचा भाग असतो. तिथे गीतकार, संगीतकार, निर्माता ही नावं बहुतेक मिळतात, मास्टरिंगचं नाव कधी मिळतं, कधी नाही. तबकडी असेल तर डिस्कॉग्ज या सूचीत तिच्या वेष्टनावरच्या आणि लेबलवरच्या नोंदी चाहत्यांनीच उतरवून ठेवलेल्या सापडतात. म्युझिकब्रेन्झ ही तशीच खुली सूची, तिथे एका गाण्याच्या अनेक आवृत्त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. गीत-संगीताच्या हक्कांची नोंद आपल्याकडे आयपीआरएसकडे होते. ही संस्था १९६९ पासून मुंबईत काम करते. गाणं नोंदवलं गेलं आणि बाहेर आलं नाही, असंही घडतं. पण उलटही लक्षात ठेवा: नोंद रचनेची असते, ध्वनिमुद्रणाची नव्हे. रचना नोंदवली म्हणजे मुद्रण झालंच आहे असं नाही.

ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा क्रमांक म्हणजे आयएसआरसी. एकूण बारा अक्षरं-अंक. पहिली दोन अक्षरं सांकेतिक उपसर्ग, पुढची तीन नोंदणी करणाऱ्याची, मग दोन अंक वर्षाचे आणि शेवटचे पाच त्या मुद्रणाचे. भारतातल्या नोंदणीला सुरुवातीला ‘आयएन’ येतं. पण आपल्या गावातल्या पोराचं गाणं परदेशी वितरकामार्फत गेलं असेल तर क्रमांकावर अमेरिकेचा उपसर्ग दिसू शकतो, त्यावरून गाणं कुठलं हे ठरवू नका. उपयोगाचे आहेत ते वर्षाचे दोन अंक. गाणं २०२४ मध्ये आलं आणि क्रमांकात २१ असेल, तर तो क्रमांक २०२१ मध्ये दिला गेला. गाणं तीन वर्षं पडून होतं, असा तर्क धरायला जागा आहे. शेवटच्या पाच अंकांतल्या मोकळ्या जागांवरून मात्र घाईने काही म्हणू नका. वितरकाचा क्रम शेकडो कलाकारांत वाटला जातो. कलाकाराची स्वतःची कंपनी आणि स्वतःचा नोंदणी-संकेत असेल तरच त्या रिकाम्या क्रमांकांना काही अर्थ उरतो.

क्रमांकातली फट हा प्रकार इलेक्ट्रॉनिक संगीताहून फार जुना आहे. लाखेच्या तबकड्यांवर विक्रीचा क्रमांक वेगळा आणि मुद्रणाच्या वेळी दिलेला मॅट्रिक्स क्रमांक वेगळा असे. मॅट्रिक्स क्रमांक ओळीने लावले की मध्ये जागा रिकाम्या दिसतात: गायक आला, गायला, मेण कोरलं गेलं, पण तबकडी बाजारात आली नाही. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिचं काम वर्षानुवर्षं वाहणाऱ्या सुरेश चांदवणकरांनी या नोंदी गोळा करण्याला आयुष्याचा मोठा भाग दिला. मायकल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची सूची केली, ती १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. ज्याला हा माग शिकायचा आहे त्याने हे काम एकदा तरी हाताळावं. नाव, तारीख, गाव, राग, क्रमांक इतकंच लिहायचं, आणि जे तबकडीवर नाही ते लिहायचं नाही, ही शिस्त त्यातून अंगी लागते.

नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांवर आणखी एक जागा बघायची: शेवटचा चर संपतो आणि लेबल सुरू होतं त्यामधला गुळगुळीत पट्टा. तिरक्या उजेडात धरला की त्यावर हाताने कोरलेली अक्षरं दिसतात. इंग्लंडमध्ये तबकडी कोरणारे जॉर्ज पेकहॅम तिथे ‘पोर्की प्राइम कट’ असं लिहीत. १९६९ च्या ‘लेड झेपेलिन टू’च्या पहिल्या प्रतींवर रॉबर्ट ऊर्फ बॉब लडविग यांची ‘आरएल’ ही आद्याक्षरं आहेत, आणि तेवढ्या दोन अक्षरांसाठी संग्राहक त्या प्रती शोधतात. वेष्टनावर नाव छापायचं राहून गेलं तरी इथली सही राहते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी तबकड्या चाळायला गेलात तर सोबत छोटी बॅटरी ठेवा आणि त्या पट्ट्याचा फोटो काढा. तबकडी विकत घ्यायला परवडली नाही तरी नोंद मिळते.

विसरलेल्या तबकडीचा माग लागण्याचं आपल्या राज्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईचं आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती काढली आणि ती विस्मरणात गेली. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग, आणि खाली रोलँडची तीन यंत्रं: टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत २००२ मध्ये दिल्लीत सापडली. त्यांनी चरणजित सिंगांचा मुंबईत पत्ता काढला आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या कंपनीकडून तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. ऐकणाऱ्यांना धक्का बसला, कारण ॲसिड हाउसची सुरुवात मानली जाणारी शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ ची आणि तसाच आवाज इथे पाच वर्षं आधी होता. हे खोटं आहे, आताच्या कुणीतरी जुन्याचा आव आणून केलेलं आहे, अशी शंका काहींनी उघड बोलून दाखवली.

अशी शंका आली तर चिडू नका, तपासा. पहिली तपासणी यंत्रांच्या वयाची. टीआर-८०८ बाजारात आलं १९८० मध्ये, ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ आली १९८१ च्या सुमारास. म्हणजे १९८२ मध्ये मुंबईत हे तिन्ही एकत्र असणं शक्य होतं. कुणी हीच तबकडी १९७८ ची म्हणून दाखवली असती तर तिथेच प्रश्न मिटला असता. दुसरी तपासणी मूळ वस्तूची: लेबल, कंपनीचं नाव, विक्रीचा क्रमांक, त्या कंपनीच्या त्याच काळातल्या इतर क्रमांकांशी मेळ. तिसरी तपासणी माणसाची. चरणजित सिंग हयात होते, त्यांनी मुलाखती दिल्या, पुढे युरोपात मंचावर जाऊन तीच यंत्रं वाजवली. २०१५ मध्ये ते गेले. तिन्ही तपासण्या एकाच उत्तराकडे जातात तेव्हाच ‘खरं आहे’ म्हणावं. माझ्या मते या तिन्हींत माणसाला विचारणं सगळ्यात मोलाचं, आणि चाहते ते सगळ्यात शेवटी करतात.

दीर्घकाळ प्रसिद्ध न झालेल्या संगीताचं उदाहरण हवं असेल तर अहमदाबादकडे बघा. तिथल्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला, त्यामागे गीता साराभाईंची खटपट होती. काही वर्षं तिथे मुद्रणं झाली आणि फिती कपाटात गेल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराला संस्थेच्या संग्रहात २७ फिती मिळाल्या. त्यांतून एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आणि गीता साराभाई यांचं काम २०२३ मध्ये लोकांसमोर आलं. जुनी फीत हाती लागली तर ऐकण्याच्या घाईत तिची पेटी आणि पेटीवरचा कागद वेगळे होऊ देऊ नका, बिननावाच्या फितीला मग काही भाव उरत नाही.

आता आपल्या भागाकडे. मिरवणुकीत वाजणारे ट्रॅक पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर जातात, त्यांना वेष्टन नसतं, क्रमांक नसतो. पण त्यांत एक श्रेय असतं, ते ऐकू येतं: मध्येच घुसणारा ‘डीजे अमुक’ असा पुकारा. तो पुकारा म्हणजे मिक्स करणाऱ्याची सही. अडचण अशी की दुसऱ्याच्या ट्रॅकवर आपला पुकारा चढवण्याची पद्धत आहे, त्यामुळे एकाच ट्रॅकवर तीन नावं ऐकू येतात. अशा वेळी मिळतील तेवढ्या प्रती गोळा करा आणि सगळ्यात कमी पुकारे असलेली, आवाजाने सगळ्यात स्वच्छ असलेली प्रत शोधा. ती मूळच्या जवळची. ट्रॅकची गती वाढवलेली असते म्हणूनही शझामला तो ओळखता येत नाही. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत तो थोडाथोडा सावकाश करून पुन्हा ऐकवून बघा. मूळ लोकगीत किंवा चित्रपटगीत कुठलं हे कळलं की अर्धं काम झालं.

फाइल कितपत अस्सल आहे हे डोळ्यांनीही दिसतं. ऑडॅसिटीत किंवा स्पेकमध्ये ट्रॅकचं स्पेक्ट्रोग्राम उघडा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं कापलेलं दिसतं, ३२० च्या फाइलमध्ये ही रेषा २० च्या आसपास असते. कुणी ‘मास्टरची वेव्ह फाइल’ म्हणून दिली आणि १६ वर सरळ कात्री लागलेली दिसली, तर ती एमपीथ्रीवरून बनवलेली आहे. अशा फाइलचे पैसे मागणारे भेटतात. पैसे देऊ नका.

मिळालेला प्रत्येक धागा वहीत लिहा: काय दिसलं, कुठे दिसलं, कोणत्या तारखेला. पानाचा फोटो ठेवा, कारण मास्टरिंग करणाऱ्यांच्या याद्यांतून नावं काढलीही जातात. आणि तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: नुसतं दिसलेलं, दोन ठिकाणी जुळलेलं, आणि कलाकाराने किंवा काम करणाऱ्याने मान्य केलेलं. पहिल्या प्रकारातली गोष्ट तिसऱ्या प्रकारातली म्हणून चारचौघांत सांगितली की अफवा होते, आणि ती परत घेता येत नाही.

विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. मास्टरिंग करणारा गोपनीयतेने बांधलेला असतो. त्याला अडचणीत आणणारा प्रश्न विचारला तर तो पुढच्या वेळी यादीच काढून टाकेल. असं लिहा: ‘नमस्कार. मी दौंडचा श्रोता आहे. तुमच्या कामांच्या यादीत अमुक कलाकाराचा तमुक ट्रॅक दिसला. तो प्रसिद्ध झाला आहे का, एवढंच जाणून घ्यायचं आहे. फाइल नको आहे. सांगता येत नसेल तर हरकत नाही.’ उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नका. घरच्यांना, मित्रांना, जुन्या साथीदारांना गाठून माहिती काढणं तर अजिबात करू नका.

फाइल हाती आलीच तर? इथे दोन घटना शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. लंडनच्या जय पॉल या भारतीय वंशाच्या संगीतकाराची अपुरी गाणी एप्रिल २०१३ मध्ये कुणीतरी त्याच्या परवानगीविना बँडकॅम्पवर विकायला ठेवली. लोकांनी ती खरी म्हणून विकत घेतली, नावाजली. त्या माणसाला मात्र त्याचा जबर मानसिक धक्का बसला आणि तो अनेक वर्षं गप्प राहिला. ती गाणी त्याने स्वतः प्रसिद्ध केली ती जून २०१९ मध्ये. दुसरी घटना ॲफेक्स ट्विन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रिचर्ड जेम्स यांची. त्यांच्या ‘कॉस्टिक विंडो’ या १९९४ च्या अल्बमच्या फक्त चाचणीच्या प्रती निघाल्या होत्या आणि रेफ्लेक्स कंपनीच्या यादीत कॅट ०२३ हा क्रमांक वीस वर्षं अडकून राहिला होता. २०१४ मध्ये एक प्रत विक्रीला आली. चाहत्यांनी आधी कंपनीशी बोलून परवानगी ठरवली, वर्गणी काढून तबकडी घेतली, वर्गणीदारांना गाणी रीतसर मिळाली, आणि तबकडी पुढे लिलावात ४६,३०० डॉलरला गेली. दोन्हीकडे चाहत्यांचं प्रेम सारखंच होतं. फरक एका परवानगीचा.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘मी फक्त ग्रुपवर टाकलं’ हा बचाव त्यात नाही.

याच कायद्याचं एक कलम मात्र तुमच्या मदतीला येतं, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. कलम ५२-अ सांगतं की ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचं वर्ष छापलं पाहिजे. १९८४ च्या दुरुस्तीने ते आलं. त्यामुळे त्यानंतरच्या कॅसेटचं वेष्टन नीट वाचलं तर त्यात माणसं आणि गावं सापडतात. चौफुल्याच्या कला केंद्रांच्या पंचक्रोशीत, तमाशाच्या फडांच्या ओळखीच्या घरांत, जुन्या बेंजो पार्ट्यांच्या ट्रंकांत अशा कॅसेट अजून असतील. परवानगी घेऊन आधी वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग कॅसेटवरच्या चिठ्ठीचा. वाजवण्याआधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पट्टा सैल झालेला असेल तर बदलून घ्या, कारण त्याने गती ढळते आणि स्वर बदलतो. पाबळच्या विज्ञान आश्रमात उपकरणं हाताने उघडून शिकलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला सोबत घ्या. मुद्रण वेव्ह फाइलमध्येच करा, आवाज ‘सुधारण्याची’ कुठलीही युक्ती मूळ प्रतीवर वापरू नका, आणि कॅसेट ज्याची त्याला परत द्या. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या या मुद्रणांचे हक्क अजून चालू आहेत, प्रसिद्धीनंतर साठ वर्षं ते राहतात. म्हणून प्रत जपा, पण वाटू नका. नोंद मात्र मोकळेपणाने वाटा.

आज आपल्या भागात जे ट्रॅक तयार होत आहेत त्यांची नोंद तर आत्ताच घेता येते आणि त्यासाठी कसला शोधही लागत नाही. शिरूर, केडगाव, पाटस, शिक्रापूर, जिथे कुठे कुणी लॅपटॉपवर ट्रॅक करतंय, त्याला विचारा: ढोलकी कुणाची घेतली, आवाज कुणाचा, मिक्सिंग कुठे केलं, मास्टर कुणी केला, तारीख कोणती. ढोलकीवाल्याचं नाव बहुतेक वेळा त्यालाही आठवावं लागतं, म्हणून ट्रॅक ताजा असतानाच विचारा. उत्तरं फाइलच्या टॅगमध्ये भरायला लावा, ट्रॅक प्रसिद्ध झाल्यावर म्युझिकब्रेन्झवर चढवा, आणि सोबत पुराव्याचा फोटो किंवा दुवा जोडा. नाव कसं लिहायचं, आडनावासकट की पार्टीच्या नावाने, हे ज्याचं त्याला विचारून घ्या. दोन जणांनी एकाच कामावर हक्क सांगितला तर तुम्ही निवाडा करू नका. दोन्ही नावं, कुणी काय सांगितलं त्यासकट, तारखेनिशी उतरवून ठेवा.